ओढणाऱ्यांची पाच मिनिटं

दाढेखाली लवंग.

तर्जनीवरचा पिवळा डाग. लिंबाने घासला, दगडाने घासला, जात नाही.

सासूबाईंचा फोन: "जावईबापू, तग धरून आहात ना?"

चष्म्याची काच, कडेला टवका. आजची तिसरी.

सिगारेट सोडून एकोणीस दिवस झाले होते. रोज अकराच्या सुमाराला त्याच्या छातीत ससा उड्या मारायला लागायचा, हात थरथरायचे. आणि चाकावर चष्म्याच्या काचा घासणाऱ्याला थरथरून कसं चालेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हे होणारच. तलफ आली, जीव घाबरला की पाच मिनिटं मोकळ्या हवेत जा, दहा श्वास सावकाश घ्या. नाहीतर पुन्हा ओढाल.

त्याने चाक बंद केलं.

"कुठं निघाली स्वारी?" मुकादमाने हटकलं.

"बाहेर. पाच मिनिटं."

"तू तर सोडलीस ना?"

"म्हणूनच. जीव घाबराघुबरा होतोय."

"ती पाच मिनिटं ओढणाऱ्यांची. उद्या सगळेच म्हणतील, हवा खायचीय! बसा, महाराज."

मागच्या पायरीवर तिघं खुशाल धूर सोडत होते. त्यातल्या पॉलिशवाल्याने दारातून हात पुढे केला. "घे, नुसती बोटात धर. याला तेवढंच दिसतं."

त्याने धरली. मुकादमाने बोटांकडे पाहिलं आणि मुकाट्याने मान रजिस्टरात घातली.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धूर काढला तर कामगार, श्वास घेतला तर कामचुकार! माणूस मरायला निघाला की दार उघडं, जगायला निघाला की चौकशी!

सिगारेट त्याने रजिस्टरावर आपटली. "हा तुमचा परवाना. मला नको." आणि तो पायरीवर जाऊन बसला.

एक.

"काय नाटक आहे हे?"

दोन. तीन.

"ऊठ! तुझं चाक बंद पडलंय."

चार. "पाच मिनिटांनी चालू होईल."

पाच.

"वर कळवीन हं!"

"कळवा. कारणही लिहा: श्वास घेत होता."

तिघांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. सहा. सात. ससा बसला नव्हता, पण दमला होता. आठ, नऊ, दहा. तो उठला, कपडे झटकले आणि आपणहून चाकाशी गेला.

सोडायच्या आदल्या दिवशी तो अकरा वेळा बाहेर गेला होता. कुणी काही विचारलं नव्हतं.