तेजबाबांची काळी दाढी

सकाळी आठ वाजता ताईच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर चपलांचा ढीग, दारात माणसांचा. भिंतीवरच्या नव्याकोऱ्या पातळ टीव्हीवर नुसता राखाडी रंग लावला होता आणि त्या राखाडीत तेजबाबा उमटले होते. फिकट, पण बाबाच! शिवाय त्यांची पांढरीशुभ्र दाढी चक्क काळी झाली होती.

“बाबा तरुण झाले!” बेकरीवाला ओरडला. शेजारणीने डोळ्यांना पदर लावला.

ताईचा धाकटा भाऊ फोन-टीव्ही दुरुस्त करायचा. तो पडद्याकडे बघतच नव्हता. ताई पाण्याची तिसरी बाटली संपवत होती आणि तरी तिचे ओठ सुकलेले होते. चार दिवसांपूर्वी बाबा पडद्यावर उमटले, तेव्हापासून तिने इन्शुलिन बंद केलं होतं. बाबांच्या शिष्याने सांगितलं होतं, “ज्या घरात बाबा तरुण होतात, तिथला रोग म्हातारा होऊन मरतो. आता सुई टोचलीत तर बाबांवर अविश्वास!”

शिष्य आताही सुरात होता. “नियम सोपा. चाळीस दिवस, रात्रंदिवस, पडद्यावर फक्त बाबांचा फोटो. उजेड पूर्ण वाढवायचा. मालिका नाही, बातम्या नाही. एकेचाळिसाव्या दिवशी राखाडी रंग लावा, बाबा हजर!”

“माझ्याकडे नाही आले,” एक शिक्षिका म्हणाली.

“टीव्ही जुना असेल. बाबांना नवा पातळ पडदाच लागतो.”

“एवढ्या जाडजूड बाबांना?” भाऊ म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं.

“अरे, तोंड आवर!” ताई कडाडली.

“थट्टा नाही गं, सेवाच करतोय. बाबांना जरा शीर्षासन करू दे.”

बेकरीवाल्याला हाताशी घेऊन त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि उलटा धरला. बाबांचं डोकं खाली, दाढी वर.

“बाबांना सगळी आसनं येतात!” शिष्य घाईने म्हणाला. या वेळी अर्धी खोली हसली.

भावाने पिशवीतून भंगारातले तीन फोन काढले आणि तिन्हींवर राखाडी रंग लावला. एकावर टायपिंगची बटणं उमटली होती, दुसऱ्यावर बॅटरीची खूण. तिसरा टॅक्सीवाल्याचा, त्यात रस्त्यांचा नकाशा. “पांढरी बटणंसुद्धा काळी पडलीत बघा. यांनाही हात जोडायचे का?”

“मग हे होतं कसं?” शिक्षिकेने विचारलं.

“जुन्या टीव्हीत मागे दिवे असतात. या पडद्यात केसाहून पातळ थर असतो, कार्बनच्या लांब रेणूंचा. वीज मिळाली की तो थर स्वतःच उजळतो. पण जळेल तेवढा झिजतो. चाळीस दिवस सगळ्यात जास्त जळलं ते पांढऱ्या दाढीच्या जागचं. ते थकलं, आता तिथे उजेड कमी पडतो, म्हणून दाढी काळी. ताई, बाबा तरुण नाही झाले. तुझा पडदा म्हातारा झाला.”

शिष्याला दुसरीकडे जायचं अचानक आठवलं. गर्दीतून वाट काढताना तो दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून गेला, हे नंतर कळलं.

“पण बाबा रागावले तर?” ताईचा आवाज बारीक झाला होता.

“रागावू देत. त्यांची समजूत मी काढीन. तुझ्या साखरेची कोण काढणार?”

तिने बोट पुढे केलं. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा आला, चारशे चाळीस. भावाने डॉक्टरांना फोन लावला. “आत्ताच्या आत्ता घेऊन या,” डॉक्टर म्हणाले.

“चप्पल दे माझी,” ताई म्हणाली, “आणि तो टीव्ही बंद कर आधी.”

मंडळी, नवल वाटणं वाईट नाही. पण हे कसं झालं, एवढं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रश्न विचारला म्हणून देव पळत नसतो. पळतो तो त्याचा दलाल. आणि औषध सोडा असं कोणी सांगितलं, तर त्याला दाराबाहेर उभं करा आणि डॉक्टरला विचारा.