मागच्या खोलीपर्यंतची तार

साडेअकराला कोर्टाची तारीख होती आणि दहा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपच्या कोपऱ्यात ते पिवळं त्रिकोणी चिन्ह उगवलं. तारमास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, चिन्हाकडे नीट पाहिलं आणि जन्मभर जे केलं तेच केलं. तार सोडून बाकी सगळ्यावर संशय घेतला.

तारमास्तर हे त्यांचं कचेरीत पडलेलं नाव. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं ते खांबांवर चढले आणि खड्ड्यांत उतरले. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले होते, की मास्तरांच्या हातच्या जोडणीची तक्रार कधी आली नाही. ते वाक्य मास्तरांनी पुढे इतक्या वेळा ऐकवलं, की शेजारचे लोक ते सुरू होताच चपला शोधायला लागत.

आज त्या हाताची परीक्षाच होती. दहा महिन्यांपूर्वी त्यांची लेक नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली. सात वर्षांची नात, जिला सगळे ठमी म्हणत, ती मात्र तिकडेच राहिली. शाळेचं वर्ष संपू दे, मग पाठवतो, असं जावई गोड बोलून म्हणाला आणि वर्ष संपल्यावर त्याने हात वर केले. मग कोर्ट आलं, तेही त्याच्या शहरातलं, इथून दिवसभराच्या प्रवासावर. पहिल्या तारखेला लेकीची बस वाटेत बंद पडली. दुसऱ्या तारखेला तिने मोबाईलवरून हजेरी लावली, पण तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं आणि तळमजल्यावरच्या या घरात रेंज औषधालाही मिळत नाही, म्हणून ती गच्चीवर गेली आणि वाऱ्यात तिचा एक शब्द कोणाला ऐकू गेला नाही. तिसऱ्या तारखेआधी कोर्टाचं पत्र आलं. आईने घरातूनच, बंद खोलीतून, तारेच्या कनेक्शनवर हजर राहावं. मूल जिथे झोपणार ती खोली बालकल्याण अधिकारी बाईंना पडद्यावर दाखवावी. या वेळी हजेरी झाली नाही, तर समोर असलेल्या कागदांवरून निर्णय होईल.

कागद सगळे जावयाचे होते. लेकीकडे होती ती मागची खोली.

तिथे तिने पलंगाला नवी चादर घातली होती, कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता. दाराच्या चौकटीवर ठमीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर सुट्टीची एक. बाईंना त्या रेघा दाखवायच्या, असं लेकीने आठवडाभर घोकलं होतं. अडचण एवढीच, की राउटर समोरच्या खोलीत होता आणि लेकीच्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय केव्हाच मेलं होतं. मधे वीस मीटर तार लागणार होती.

"दुकानात तयार मिळते, आप्पा," लेक म्हणाली होती. "दोन्हीकडे प्लग लावलेली."

"तयार? मग अडतीस वर्षं मी काय पतंग उडवत होतो?"

आणि मास्तरांनी परवा स्वतः तार ओढली. छताच्या कडेने, दारावरून, कोपऱ्यात कुठे चुण्या न पडू देता. दोन्ही टोकांना स्वतःच्या चिमट्याने प्लग दाबले. मग तपासणीचा डबा लावला. त्यावर आठ दिवे असतात, आतल्या आठ बारीक तारांचा प्रत्येकी एक. आठही दिवे ओळीने लागले. लॅपटॉपवर कोर्टाचं पत्रही उघडलं. एकदा मैत्रिणीला व्हिडिओ लावून बघते, असं लेक म्हणाली, तेव्हा मास्तर हसले. आठ दिवे लागले म्हणजे लागले, त्यात बघायचं काय?

आता दहा वाजून वीस झाले होते. पान उघडत होतं, पत्र उघडत होतं, पण कॅमेरा चालू केला की लेकीचा चेहरा अर्ध्या मिनिटात थिजायचा, आवाज तुटायचा आणि त्रिकोण उगवायचा.

"राउटर बंद कर. मिनिटभर थांब. घाई नको," मास्तर म्हणाले.

लेकीने राउटर बंद केला, घड्याळाकडे बघत साठ मोजले आणि चालू केला. चेहरा दिसला आणि थिजला. मास्तरांनी राउटरमागचं भोक बदललं. तेच. लेकीने सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन बंद केलं, पुन्हा चालू केलं, इंटरनेटच्या पत्त्याच्या जागी आपोआप मिळवा असं निवडलं. दोन मिनिटं बरं चाललं आणि दोघांनी श्वास सोडला तसं ते बंद पडलं. लेक धावत गच्चीवर जाऊन कंपनीला फोन करून आली. माणूस एक वाजता येईल म्हणाले.

"लॅपटॉपच म्हातारा झालाय तुझा," मास्तर म्हणाले. "नाहीतर कंपनीची लाईन. मी डब्याने पुन्हा बघतो."

त्यांनी पुन्हा डबा लावला. आठही दिवे लागले. त्यांनी ते लेकीला दाखवलेसुद्धा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लेक उठली. तिने कोर्टासाठी ठेवणीतला फिकट निळा ड्रेस घातला होता आणि पाठीवर तो घामाने चिकटला होता. राउटरच्या खोक्यात आलेली हातभर लांबीची वायर तिने शोधून काढली.

"आप्पा, मी समोरच्या खोलीत बसते. ही वायर लावून. आधी हजर तर होऊ, खोलीचं नंतर बघू."

"आणि त्यांनी खोली दाखवा म्हटलं तर? काय दाखवशील, माझा चपलांचा स्टँड? पाच मिनिटं दे मला. प्लग थोडा सैल वाटतोय, दाबून देतो."

लेक दारात उभी राहिली. लहानपणी सायकलची साखळी निसटली, रेडिओ गप्प झाला, बाहुलीचा हात सुटला, की ती याच माणसाकडे यायची आणि ते नीट होऊन मिळायचं. तिने खोक्यातली वायर टेबलावर ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसली. पाच मिनिटांची पंधरा झाली.

साडेअकराला पडदा उघडला. न्यायाधीश दिसले, शेजारच्या चौकोनात अधिकारी बाई, खालच्या चौकोनात जावई आणि त्याचा वकील. मास्तर खोलीबाहेर, दाराला कान लावून उभे. लेकीने नमस्कार केला, नाव सांगितलं. नंतर तिचा आवाज चढला.

"मला ऐकू येतंय, तुम्हाला येतंय का? हो, मी आहे. मी इथेच आहे. बाई, मी खोली दाखवते."

लॅपटॉप उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मास्तरांनी दार ढकललं. लेक लॅपटॉप दाराच्या चौकटीसमोर धरून उभी होती आणि पेन्सिलीच्या रेघांवर बोट ठेवून बोलत होती. समोरचे चारही चेहरे थिजलेले होते. कोपऱ्यात त्रिकोण होता.

मग दोघं धावली. मास्तरांनी तार उपटली, लेकीने लॅपटॉप छातीशी धरून समोरची खोली गाठली आणि ती हातभर वायर लावली. त्याच क्षणी चित्र आलं, आरशासारखं लख्ख. पण चौकोनांत फक्त एक कारकून उरला होता.

"मॅडम, तीनदा पुकारा केला. तुमच्याकडून काहीच आलं नाही," तो म्हणाला. "साहेबांनी आदेश सांगितलाय. दुपारपर्यंत मेल येईल."

अकरा वाजून शेहेचाळीस झाले होते. लेक त्या स्वच्छ चित्राकडे बघत राहिली. मास्तरही बघत होते. तोच राउटर होता, तोच म्हातारा लॅपटॉप होता. बदलली होती ती फक्त तार.

"कंपनीचीच लाईन खराब," लेक डोळे पुसत म्हणाली. "माझं नशीबच तसलं, आप्पा. तुम्ही तरी किती करणार?"

लेकीने तेव्हा शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

एक वाजता कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, पाठीला पिशवी, अबोल. त्याने आपल्या यंत्राला तार लावली, मग प्लग डोळ्यांजवळ नेऊन आतले रंग पाहिले. थोडा वेळ पाहिले.

"ही कोणी बसवली?"

"माझ्या आप्पांनी," लेक दारातून म्हणाली. "अडतीस वर्षं टेलिफोनमध्ये होते. त्यांच्या हातची तक्रार कधी आली नाही."

त्या माणसाने मास्तरांकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "असं होतं कधीकधी," तो पिशवीत हात घालत म्हणाला. "तार जुनी झाली, की होतं. दोन्ही प्लग बदलतो."

तो सांभाळून घेत होता. मास्तरांनी मान डोलावली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती. ती डोलवावी असं त्यांना फार वाटलं. खोटं सांगायचं कारण नाही.

"जुनी नाही," ते म्हणाले. "परवाच ओढलीय. काय चुकलंय ते नीट सांगा. तिच्यासमोर सांगा."

माणूस घुटमळला. "काका, तुम्ही फोनसारखे रंग लावलेत. एकमेकींत पिळलेल्या दोन तारांची जोडी, शेजारी शेजारी. फोनला ते बरोबर आहे. इंटरनेटला एक जोडी मधे फोडून लावावी लागते, तिसऱ्या आणि सहाव्या जागी. तशी लावली नाही, की एका तारेतलं दुसरीत मिसळतं. थोडं काम असलं तर चालतं. व्हिडिओसारखं ओझं आलं की बसतं."

"पण दिवे लागत होते," लेक म्हणाली. "आठही."

"दिवे लागणारच, ताई. दिवा फक्त सांगतो, की तार तुटलेली नाही."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. टेबलावर ठेवलेली ती हातभर वायर, पाच मिनिटं, सैल वाटणारा प्लग, हे सगळं तिला एकेक आठवत गेलं आणि ते तिच्या चेहऱ्यावर मास्तरांना दिसत गेलं. ती मागच्या खोलीत जाऊन बसली.

नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात वस्तादाने मास्तरांना शिकवलं होतं, जोडी फोडायची नाही, काही झालं तरी नाही. जिथे फोडली तिथून खरखर सुरू होते. तेव्हापासून त्यांची बोटं डोळे मिटूनही रंगाला रंग लावत आली होती. परवाही त्या बोटांनी कोणाला विचारलं नव्हतं.

माणसाने प्लग कापून टाकले, नवे दाबले. दहा मिनिटांचं काम. यंत्रावर हिरवी खूण आली. तो गेला, तेव्हा मास्तर लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेले, टेबलावर ठेवला, तार लावली. त्रिकोण आला नाही. मेल आलेलं होतं आणि दाबल्याबरोबर उघडलं.

लेकीने उभ्यानेच वाचलं. मास्तरांना अक्षरं बारीक दिसत होती, पण चष्मा पुढे ओढायचा धीर झाला नाही.

"वर्षभर तिकडेच राहील," लेक म्हणाली. "वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल." ती पुढे वाचत राहिली. मग तिने हात लांब करून लॅपटॉपच्या कडेला लावलेला नवा प्लग बोटाने चाचपला, घट्ट बसलाय का बघितलं.

"दर रविवारी अर्धा तास दिलाय, पडद्यावर," ती म्हणाली. "आता बंद नाही ना पडणार, आप्पा?"