सरावलीतला खोकला, सावरखेड्याची नोंद

सोमवारी सकाळी साडेदहाला माझी वायर काढली गेली. मित्रांनो, मी बोईसरजवळ सरावलीतल्या एका छोट्या दवाखान्यातला जुना संगणक आहे. आता कपाटावर असतो. धूळ बसू नये म्हणून रूपालीताईंनी अंगावर आपली जुनी ओढणी घातली आहे.

मी नवा होतो तेव्हा लोक चपला काढून माझ्या खोलीत येत. रूपालीताई प्रत्येकाला नाव, वय, गाव विचारत आणि माझ्यात लिहीत. कारखान्यांत कामाला आलेली माणसं गाव विचारलं की क्षणभर थांबत. आवाज मऊ होई. कुणी नंदुरबारकडचं गाव सांगे, कुणी बीडकडचं. सरावलीतली भाड्याची खोली कुणीच सांगितली नाही. पुंजारामभाऊ तर ‘सावरखेडे, तालुका पारोळा’ सांगून वर नदीचं वर्णन करू लागत. मग खोकल्याची उबळ येई आणि नदी अर्धीच राही.

गेल्या महिन्यात पालघरहून कीर्ती मॅडम आल्या. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी एका मोठ्या कोठारात भरायच्या, म्हणजे कुठे कोणता आजार किती हे संशोधकांना एका जागी पाहता येईल, असा त्यांचा आराखडा. माझ्या नोंदी चाळून त्या म्हणाल्या, “सरावलीत खोकल्याचे रुग्ण जवळजवळ नाहीतच!”

“मॅडम, जरा बाहेरच्या बाकावर बसून बघा,” रूपालीताई हसल्या. मॅडमही हसल्या, मग दोघींचंही हसू थांबलं. माणसं खोकत होती इथे; नोंदीत मात्र ती आपापल्या गावी पोचली होती.

बाकावर पुंजारामभाऊंच्या पत्नी गोजराबाई होत्या. पुंजारामभाऊंना जाऊन दोन वर्षं झालेली. मॅडमनी त्यांची नोंद पाहून विचारलं, “मावशी, काका राहायचे इथे, मग गाव तिकडचं कसं?”

“गाव इचारल्यावर गावच सांगनार ना, बाई! खोली का कुनाचं गाव असतं?” त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “मालक जायचं, जायचं म्हनत ऱ्हायले. तुमच्या डब्यात तरी पोचले म्हना.”

“मग नोंदीतलं ठिकाण बदलायचं ना?” मॅडम म्हणाल्या.

गोजराबाईंनी हातातला पदर सोडला. “आमचा पोरगा विक्रम बी, बाप होता त्याच कारखान्यात कामाला लागलाय. त्यालाबी खोकला हाय,” त्या म्हणाल्या. “मालकास्नी हितं आना. हितले म्हनून मोजा.”

हा खोकला कशामुळे, ते मला ठाऊक नाही. नीट मोजल्याशिवाय ते कुणालाच कळणार नाही, एवढं मात्र कळतं.

मॅडमनी आराखड्यात ‘गाव’ या रकान्याशेजारी ‘सध्या राहण्याचं ठिकाण’ असा रकाना वाढवला. नव्या रुग्णांची सोय झाली. जुन्या नोंदी घरोघरी विचारून दुरुस्त कराव्या लागतील आणि त्याला वरून परवानगी हवी. दरम्यान माझ्या जागी नवा संगणक आला.

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात देण्याआधी आत कोण कोण आहे ते पाहत जा. आणि कुणाला गाव विचारलंत, तर राहता कुठे, हेही विचारा.

काल दुपारी गोजराबाई डोकावल्या. “आले का मालक हितं?”

रूपालीताईंनी नकारार्थी मान हलवली. परवानगी आलेली नाही. पुंजारामभाऊ अजून सावरखेड्यालाच आहेत.