स्टर्जिल बंधूंचा दुसरा मायक्रोफोन

व्हर्लिन आणि डॉइल स्टर्जिल हे सख्खे भाऊ, आणि मी त्यांचा ड्रमवाला. दोघांचे आवाज इतके जुळायचे की नॉक्सव्हिलच्या रेडिओवर ऐकणाऱ्या पोरींना कोणता कोणाचा ते कळायचं नाही. स्वभाव मात्र औषधालाही जुळत नव्हते. मायक्रोफोन एकच, त्यामुळे गालाला गाल लावून गावं लागे. धाकटा डॉइल कार्यक्रमाआधी मुद्दाम कच्चा कांदा खायचा.

पहिली रेकॉर्ड गाजल्यावर व्हर्लिननं कंपनीच्या साहेबाला सांगितलं, "मला वेगळा मायक्रोफोन हवा. नाहीतर वेगळा भाऊ द्या."

कंपनीनं मायक्रोफोन दिला. तो स्वस्त पडला असणार.

स्टुडिओत दोघं दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. गाणं काही केल्या जमेना. कधी हा पुढे धावायचा, कधी तो मागे रेंगाळायचा. शेवटी व्हर्लिन वैतागून म्हणाला, "अरे, तू श्वास कधी घेतोस तेच कळत नाही मला!"

"घ्या! इतकी वर्षं माझ्या श्वासाच्या नावानंच बोंब मारत होतास ना?"

आम्ही सगळे हसलो. व्हर्लिन हसला नाही, पण स्वतःच चालत डॉइलच्या मायक्रोफोनपाशी आला.

"सरक जरा."

डॉइल मुकाट्यानं सरकला. गाणं एका दमात झालं, आणि साहेबानं चक्क टाळ्या वाजवल्या.

बाहेर येईपर्यंत गाडी कोणी चालवायची यावरून दोघांची पुन्हा जुंपली होती. मी ड्रम मांडीवर घेऊन मागे बसून राहिलो.