फीमेल, एज नाइन

सील म्हणजे समुद्रातला, मासे खाऊन जगणारा प्राणी. तो काय खातो आणि त्याने त्याचं पोट भरतं का, यावर मी पीएचडी करते. बनारसमध्ये हे सांगायची सोय नाही. शेजारच्या चाचीला वाटतं, मी मसाला वाटायच्या सिलवर अभ्यास करते. मीही आता कोणाला समजावत बसत नाही.

व्हिसा अडकला म्हणून सहा महिने घरीच होते. कॅनडातल्या माझ्या गाइडबाईंनी शेवटचा नमुना कुरियरने पाठवला. किनाऱ्यावर मरून पडलेल्या एका मादीच्या पोटातले, माशांच्या कानातले खडे. मासा पचून जातो, तांदळाएवढे हे पांढरे खडे मागे राहतात. ते मोजले, मापले की तिने कोणते मासे खाल्ले, किती खाल्ले, सगळं कळतं. त्या साली पुष्कळ माद्या मेल्या होत्या. उपाशी मेल्या की आजाराने, हाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. आणि पोट शाबूत मिळालेली ही एकटीच.

आमच्यात मधलं नाव बापाचं. गाइडबाईंना ते आडनाव वाटलं. पार्सल 'एम. दत्तात्रेय' या नावाने आलं.

दत्तात्रेय म्हणजे माझे बाबा. ते मणिकर्णिकेवर अंत्यविधी करतात. ज्यांना काशीला येणं जमत नाही, ते त्यांच्याकडे अस्थी पार्सलने पाठवतात.

मी बाजारातून आले, तर बाबा ओल्या पंच्याने पायरीवर बसलेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.

"बाबा, माझं पार्सल आलं का?"

"तुझं नाही. एक अस्थींचं आलं होतं. चिठ्ठी नाही, फोन नंबर नाही. डबीवर नुसतं फीमेल, एज नाइन." त्यांनी चिमटीने माप दाखवलं. "नऊ साल की बच्ची, मुक्ता. एवढीएवढीशी हाडं. नाव नाही, गोत्र नाही. कश्यप गोत्र धरलं आणि सगळं केलं. होडी करून गंगेत मधोमध जाऊन सोडून आलो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं पाण्यात गेली, तीही मंत्र म्हणून. जे तोंडाला आलं ते बोलले. मग सील म्हणजे काय, खडे कसले, प्रश्न कोणता, ते सगळं सांगितलं. बाबा हसतील किंवा माफी मागतील असं मला वाटलं होतं.

"म्हणजे ती उपाशी गेली की खाऊनपिऊन, तेच बघायचं होतं ना तुला?"

"हो."

"मग? उपाशी गेली का?"

एवढ्या सरळ मला हे कोणी विचारलं नव्हतं, माझ्या पीएचडीच्या समितीनेही नाही.

"ते त्या डबीतच होतं, बाबा."

बाबांनी पंच्याचं टोक पिळलं.

"लेकरू म्हणून पिंड जरा मोठाच वळला होता मी," ते म्हणाले. "सगळा मासळ्यांनी खाल्ला."