पंचवीस मिनिटांचं सूप

"कांदा कधी टाकलास?" सूपचा पहिला चमचा तोंडात घेत शैलजाने विचारलं.

"साडेसहाला. आलो आणि टाकलाच," विवेक म्हणाला. "पुस्तकात पंचवीस मिनिटंच लिहिलीयेत."

पुस्तक खरंच तसं होतं. कव्हरवरच लिहिलं होतं, 'वेळ नसलेल्या लोकांसाठी झटपट फ्रेंच स्वयंपाक'. गंमत एवढीच, की अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या लायब्ररीतून ते आणणाऱ्याकडे वेळच वेळ होता. सात आठवड्यांपूर्वी, दोन हजार दोनच्या मार्चमध्ये, कंपनीने एका सकाळी त्याच्यासकट अकरा जणांना नारळ दिला. विवेक मात्र घरी आला तो संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला. त्या दिवशी सांगायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी कालच का नाही सांगितलं याची. लाजेला अशी रोज नवी पिल्लं होतात.

तेव्हापासून रोज आठला, शैलजाने भरलेला डबा घेऊन तो निघायचा. लायब्ररीत बसून नोकरीचे अर्ज पाठवायचा आणि दुपारी गाडीत, काचा वर करून, डबा खायचा. कुणी ओळखीचं दिसलं तर काय घ्या. पुस्तक उचललं तेही कव्हरवरच्या वाक्यामुळे. असलं पुस्तक हातात असलेला माणूस नोकरीवालाच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. मग घरी ऑम्लेट झालं, बटाट्याचं सूप झालं, भरताच्या वाटेने निघून मध्येच फ्रान्सकडे वळलेली वांगी झाली. शैलजा फोनवर आईला कौतुकाने सांगायची, की ऑफिसातून दमून येऊनसुद्धा विवेक स्वयंपाक करतो. ते ऐकताना त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

शैलजाने दुसरा चमचा घेतला, मग चमचा खाली ठेवला.

"पंचवीस मिनिटांत कांदा फार तर गुलाबी होतो, विवेक. हा दीड तास मंद गॅसवर ढवळलेला आहे. आज घरी किती वाजता आलास?"

खोटं तोंडाशी तयार होतं. पण त्या कांद्यापुढे ते टिकलं नसतं. साडेतीनला आलो म्हणाला, आणि मग मार्चपासूनचं सगळं सांगून टाकलं.

"आणि डबा कुठे खात होतास?"

"गाडीत."

तेव्हा तिचे डोळे भरले.

सगळ्यात कठीण ते अजून राहिलंच होतं. दुसरी नोकरी मिळेपर्यंत या देशात राहायचं तर बायकोच्या व्हिसावर जा, लवकर जा, असं वकिलाने सांगितलं होतं. तो फॉर्म दहा दिवस त्याच्या बॅगेत होता. त्यावर 'डिपेंडंट' हा शब्द होता. पहिली तीन वर्षं शैलजा त्याच्या व्हिसावर होती, तेव्हा राजीव या मित्राकडच्या पार्टीत, तिच्या हातात भरलेली प्लेट असताना, विवेक म्हणाला होता, "ही माझ्या व्हिसावर जेवते, यार." सगळे हसले होते, तीही हसली होती. पुढच्याच आठवड्यात तिने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स लावला, मग नोकरी मिळवली, आणि आता तिचा स्वतःचा व्हिसा होता.

त्याने फॉर्म काढून तिच्या बाऊलशेजारी ठेवला. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पेन शोधून आणलं आणि जिथे जिथे तिचं नाव हवं होतं तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं. विवेक मान खाली घालून वाट बघत होता. पार्टीतलं ते वाक्य तिने आज परत केलं असतं तर बरं झालं असतं, निदान फिटंफाट तरी झाली असती.

"सूप गार होतंय," ती म्हणाली. "छान झालंय."

सकाळी सवयीने त्याने ऑफिसचा शर्ट चढवला. ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता.

"आज घरीच खा," बूट घालता घालता शैलजा म्हणाली. "टेबलावर बसून."

साडेबाराला त्याने डबा उघडला. पोळी, फ्लॉवरची भाजी, कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची फोड. तो उठला, आधी खिडकी उघडली, आणि मग जेवायला बसला.