तक्रार शून्य

हॅलो, मी बोलतोय. घाबरू नका, क्रेडिट कार्ड विकायला फोन केलेला नाही. मी स्वतःच फोन आहे. मळकट पांढऱ्या रंगाचा, बटणांचा, त्यातलं पाचाचं बटण जरा आत गेलेलं. 'चरवी' नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी अकरा वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या.

कंपनी काढली कागलच्या उदयसिंहांनी. दूध संस्थेत माणूस दूध घालायला आला की लिटर किती, फॅट किती, दर काय, सगळं छापून पावती हातात पडावी असं सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं. राजारामपुरीत दोन खोल्या घेतल्या, टेबल मांडलं आणि पहिल्याच आठवड्यात मला आणलं. माझ्याशेजारी खुर्चीत बसल्या श्यामलाताई. आधी त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या. आवाज खणखणीत आणि संयम म्हशीचा.

दूध सकाळ-संध्याकाळ येतं, म्हणून मीही सकाळ-संध्याकाळ वाजायचो. सगळ्यात जास्त फोन कोडोलीकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी पिराजी यांचे.

"ताई, फॅट दाखवंना झालंय की वो!"

"पिराजीमामा, मशीन पुसलं का?"

"न्हाय."

"मग पुसा. मी थांबते."

पुसून होईपर्यंत ताई त्यांच्या म्हशीची चौकशी करायच्या. व्यायली का, रेडी झाली की रेडा. तेवढ्यात फॅट दिसायला लागायचं. पिराजी "जमलं, जमलं!" असं ओरडून फोन आपटायचे. कान माझा दुखायचा, पण बरं वाटायचं. दोन हजार संस्था आमच्याकडे आल्या, त्यातल्या निम्म्या तरी असल्या बोलण्यावर आल्या.

मग मुंबईचा एक फंड आला. दुसऱ्याची चांगली चाललेली कंपनी घ्यायची, चार-पाच वर्षांत फुगवायची आणि आणखी मोठ्या फंडाला विकायची, हा त्याचा धंदा. उदयसिंहांनी मोठा हिस्सा विकला. त्यांचाही दोष नाही म्हणा. महाराष्ट्रभर जायचं त्यांचं स्वप्न होतं आणि समोरची माणसं स्वप्नाला 'रोडमॅप' म्हणत होती. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि आम्ही उजळाईवाडीच्या काचेच्या इमारतीत गेलो. तिथं उदयसिंहांना दारावर 'संस्थापक' अशी पाटी मिळाली. तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारेनासं झालं.

सगळं विचारायचं ते विश्वजित यांना. फंडानं नेमलेले मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता; नम्र, व्यायाम करणारा, दुधाची ॲलर्जी असलेला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याशेजारी घड्याळ लावून एक मुलगी बसवली. तिनं अहवाल दिला: सरासरी कॉल अकरा मिनिटं, त्यातली चार मिनिटं म्हैस.

"म्हैस कमी करावी लागेल," विश्वजित म्हणाले.

म्हैस कमी झाली. मग तीन मिनिटांची मर्यादा आली. पुढं ॲपमध्ये यंत्राचा मदतनीस आला. तो शुद्ध मराठी बोलायचा आणि त्याला गोड नाव होतं, 'सखी'. पिराजींनी एकदा त्याला लिहिलं, "फॅट जास्त दाखवतंय, काय करू?" सखीनं उत्तर दिलं, "आपण रोज तीस मिनिटे चालावे."

पिराजींनी मला फोन करून हे ताईंना वाचून दाखवलं. ताई एवढ्या हसल्या की तीन मिनिटं त्यातच संपली.

पण हसण्यासारखं पुढं राहिलं नाही. ताईंना नोटीस मिळाली. 'सखी असल्यामुळे आपल्या पदाची गरज उरलेली नाही' असं त्यात गोड भाषेत लिहिलेलं होतं. मलाही बंद करायचं ठरलं होतं, पण माझ्या अर्जावर तीन सह्या लागत होत्या आणि तिसरा सही करणारा माणूस आधीच कमी केलेला होता. म्हणून मी चालू राहिलो.

ताईंच्या शेवटच्या दिवशी दुपारी कंपनीनं गावोगावच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल सोडला. संध्याकाळी पाच वाजता लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहिले आणि शेकडो संस्थांच्या पडद्यांवर एकच ओळ आली: 'आपली मुदत काल संपली आहे.' मुदत कुणाचीच संपली नव्हती. नव्या बदलाला जुनी गिऱ्हाइकं ओळखताच येत नव्हती.

मी वाजायला लागलो. ताई टेबलाचा खण आवरत होत्या. शेजारचा माणूस म्हणाला, "मॅडम, उचलायचा नाही. पॉलिसी आहे." ताईंनी माझ्याकडं बघितलं, आणि उचललाच.

"ताई, दीडशे माणूस हुबं हाय!" पलीकडं पिराजी आणि त्यांच्यामागं कल्लोळ. "दूध नासलं तर मला जित्ता सोडत्यात व्हय? ती तुमची सखी म्हणती, आपला दिवस शुभ असो!"

"मामा, कॉम्प्युटरची तारीख मागं घ्या. परवाची करा."

"परवाची? आन् मग आजचं काय?"

"पावतीवर पेनानं आजची तारीख घाला, खाली सही करा. चाललं की तुमच्या ओळखीच्या सगळ्या सेक्रेटरींना हेच सांगा."

दोन मिनिटांनी पलीकडून पावती छापल्याचा किर्रर्र आवाज आला. माझ्या आयुष्यात त्यापेक्षा गोड आवाज मी ऐकलेला नाही. मग दुसरा फोन, तिसरा, चाळिसावा. पलीकडं पिराजींनी आपला मोबाईल तापवला. साडेसातपर्यंत बहुतेक संस्थांतलं दूध टँकरमध्ये होतं.

उदयसिंह केव्हा येऊन मागं उभे राहिले ते आम्हाला कळलंच नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. "ताई, तुम्ही जाऊ नका. थांबा की."

"कुणाला विचारून सांगताय, साहेब?"

ताईंनी पर्स उचलली, मला फडक्यानं एकदा पुसलं आणि गेल्या.

काचेच्या पलीकडच्या खोलीत विश्वजित पडद्यावरून फंडाच्या लोकांशी बोलत होते. सखीला गोंधळ कळला नव्हता, त्यामुळं तिच्याकडं एकही तक्रार नोंदली गेली नव्हती, आणि माझ्यावर आलेले फोन आता कुणी मोजत नव्हतं. ते आनंदानं सांगत होते, "आज राज्यभर नवा बदल सोडला. तक्रार शून्य!" पलीकडून टाळ्या आल्या. त्याच शून्याच्या जोरावर चार महिन्यांत कंपनी बंगळुरूच्या मोठ्या फंडाला विकली गेली.

नव्या मालकांना परंपरेची आवड. त्यांनी माझी वायर कापली, मला स्वागतकक्षात भिंतीवर बसवलं, वर दिवा सोडला आणि खाली पितळी पाटी लावली: 'आम्ही ग्राहकाचे ऐकतो.' पाहुणे माझा रिसीव्हर कानाला लावून फोटो काढतात. बदलत नाहीत ते फक्त विश्वजित. ते आता नव्या फंडाचंही काम बघतात.

गेल्या आठवड्यात पिराजी आले, सोबत पंधरा-वीस सेक्रेटरी. सगळ्यांच्या हातात आमचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचा कागद. कोडोलीत ताईंनी गाळा घेतलाय, संस्थांनी मिळून दुसरं साधंसं सॉफ्टवेअर लिहून घेतलंय, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. विश्वजित स्वतः बाहेर आले.

"बसा ना. चहा घेणार?"

पिराजी माझ्याकडं बघत होते. "ह्यो फोन भितीवर कशाला टांगलाय?"

"ती आमची परंपरा आहे."

"आन् वायर वो?"

विश्वजित हसले. "वायरची आता गरज नाही."

पिराजींनी रिसीव्हर उचलला. मला वाटलं, हेही आता फोटो काढणार. पण त्यांनी तो कानाला लावला आणि हळू आवाजात, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, मला विचारलं, "काय रं, बरा हाईस न्हवं?"

माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पिराजी बराच वेळ कान लावून उभे राहिले. मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, अजिबात न आपटता.